नेहमीच्या विमानप्रवासासाठी खिशाला परवडणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कसे निवडावेत

महिन्यातून दोनदा पुणे–दिल्ली–पुणे हा गेली काही वर्षं माझा ठरलेला फेरा आहे. सुरुवातीला मी साधे वायरचे इअरफोन वापरायचो. विमान वर गेलं की इंजिनांची घरघर इतकी वाढायची की ऐकत असलेल्या व्याख्यानातलं एखादं वाक्य कळावं म्हणून व्हॉल्यूम चढवत चढवत जवळजवळ टोकाला न्यावा लागे. रात्री घरी येऊन जेवायला बसलो तरी कानात गुणगुण चालूच असायची. आईनं दोनदा विचारलं, “आणखी भाकरी वाढू का?” मला एकदाही ऐकू गेलं नाही. त्या रात्री मी हा विषय मनावर घेतला. नंतर चुकीची खरेदी केली, दुकानांत तासन्‌तास घालवले, बऱ्याच जोड्या डोक्यावर चढवून पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. विमानातली घरघर ही नॉइज कॅन्सलिंगसाठी सर्वांत सोपी शिकार आहे. त्यामुळे फक्त प्रवासासाठी हेडफोन हवे असतील तर तीस हजार खर्च करण्याची गरज नाही. पाच ते दहा हजारांतली नीट निवडलेली जोडी तुमचं काम चोख करेल. मात्र ‘नीट निवडलेली’ हे शब्द विसरू नका.

आधी शत्रू ओळखा

जेट विमान उंचीवर स्थिर उडत असताना केबिनमध्ये साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज असतो. इंजिनं आणि विमानाच्या अंगावरून वेगानं सरकणारी हवा, या दोन्हींचा तो मिळून झालेला असतो. त्याची मोठी ताकद खालच्या पट्टीत असते, आणि तो तासन्‌तास फारसा बदलत नाही.

नुसती घरघर एक वेळ सोसता येते. खरा धोका तिच्यावर मात करण्यासाठी आपण जो व्हॉल्यूम वाढवतो त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसानं ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५. घरघरीच्या वर गाणं ऐकू यावं म्हणून तुम्ही ८९ पर्यंत गेलात, तर दिल्लीच्या एका जाण्यायेण्यातच कानांचा आठवड्याचा कोटा जवळजवळ संपतो. महिन्यातून चार-सहा वेळा उडणाऱ्या माणसासाठी हे हेडफोन म्हणजे चैन नव्हे, कानांची काळजी आहे.

आता ही घरघर सोपी शिकार का? झोपाळा डोळ्यांसमोर आणा. तो पुढे येत असताना नेमक्या त्या क्षणी तुम्ही उलट्या बाजूनं तेवढ्याच जोराचा धक्का दिलात तर झोपाळा थांबतो. हेडफोन हेच करतात. बाहेरचा माइक आवाजाची लाट टिपतो, आतली चिप तिची बरोबर उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानाशी सोडतो. सगळा खेळ वेळ साधण्याचा. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे मोठा, संथ झोपाळा. स्वस्त चिपलाही वेळ साधता येते. ३,००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटिमीटरची. तिथे जरा चुकलं की धक्का भलत्याच वेळी बसतो. म्हणून साधारण १,००० हर्ट्झच्या वर हे तंत्र थकतं आणि पुढचं काम कानाभोवतीच्या कुशनला करावं लागतं.

कल्पना जुनी आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना १९३६ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनांच्या आवाजात बुडून गेलं, तेव्हा त्यांनी विमानातच बसून गणितं मांडायला घेतली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये आला, तुमच्या-आमच्यासाठीचा २०००मध्ये. तेव्हा महाग असलेली चिप आज दोन-तीन हजारांच्या इअरबड्समध्येही बसते, म्हणून ‘परवडणारे’ हा शब्द आपण आज वापरू शकतो.

वेळ साधण्याच्या या खेळातूनच दुसरी गोष्ट समजून घ्या. मागच्या रांगेत रडणारं बाळ आणि शेजारच्यांच्या गप्पा या वरच्या पट्टीतल्या, सतत बदलणाऱ्या असतात. त्या कमी होतील, नाहीशा होणार नाहीत. उलट घरघर गेली की शेजाऱ्याचं बोलणं सुरुवातीला जास्त स्पष्ट वाटतं. पहिल्याच प्रवासात अनेकांना वाटतं की आपला पीस बिघडलेला आहे. तसं नसतं. हलकं वाद्यसंगीत लावा, ते बोलणं त्यात विरून जातं.

खोक्यावरची अक्षरं वाचा

माझी चुकीची खरेदी इथेच झाली. अठराशे रुपयांचे इअरबड्स घेतले, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ होतं. विमानात बसून लावले. घरघर जशीच्या तशी. उतरल्यावर खोकं पुन्हा वाचलं तेव्हा बारीक अक्षरांत ‘ईएनसी’ दिसलं. परत करायला गेलो तर खोकं उघडलं म्हणून नकार मिळाला. पैसे गेले त्यापेक्षा फसवलं गेल्याचं वाईट वाटलं, कारण खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त माणसाची समजूत चुकावी अशा बेतानं लिहिलं होतं.

तर फरक असा: ईएनसी तुमच्या माइकसाठी असतं. फोनवर बोलताना तुमच्याभोवतीचा गोंगाट समोरच्याला जाऊ नये, एवढंच ते पाहतं. तुमच्या कानाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुम्हाला हवं आहे ते एएनसी, म्हणजे ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन. खोक्यावर ही तीन अक्षरं स्पष्ट नसतील तर वस्तू खाली ठेवा. ‘पॅसिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ असं लिहिलेलं असेल तर तो नुसता कुशनचा अडोसा आहे.

‘हायब्रिड एएनसी’ दिसलं तर उत्तम. यात एक माइक बाहेर आणि एक आत, कानाजवळ असतो. आतला माइक उरलेला आवाज ऐकून चूक सुधारत राहतो. आज पाच हजारांच्या आसपास हायब्रिड मिळतं, त्यामुळे त्याशिवायचं घेऊ नका.

‘५० डेसिबलपर्यंत’ या आकड्यावर मात्र खरेदी ठरवू नका. सगळी मेख ‘पर्यंत’मध्ये आहे. तो आकडा एखाद्या ठरावीक पट्टीतला, प्रयोगशाळेतला सर्वोत्तम क्षण असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकाच मापानं काढलेले नसतात, म्हणून ४५ वाली जोडी ५० वालीपेक्षा विमानात सरस ठरू शकते. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. खालच्या पट्टीत खरोखरच २० कमी झाले तर केबिनचा नूर बदलतो.

डोक्यावरचे की कानातले?

माझं मत ठाम आहे: दोन तासांहून लांबचा प्रवास वारंवार असेल तर पूर्ण कान झाकणारे, म्हणजे ओव्हर-इअर घ्या. कुशन वरच्या पट्टीतला आवाज अडवतं, बॅटरी दिवसभर चालते आणि कानाच्या नळीत काही खुपसून बसावं लागत नाही. कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन या कामाला निरुपयोगी आहेत. कडेनं सगळं आत येतं.

इअरबड्सचा कैवारही घेतो. फक्त हातातली लहान बॅग घेऊन फिरणारे, खिडकीला डोकं टेकून झोपणारे, उकाड्यात टोपी-स्कार्फ वापरणारे यांना तेच सोयीचे. मात्र एएनसी चालू असताना एका चार्जिंगमध्ये बहुतेक स्वस्त इअरबड्स पाच-सहा तास टिकतात. दिल्ली-बंगळूरला भरपूर झालं, मुंबई–लंडनला मधे डबीत ठेवावे लागतील. बरोबर येणारे सिलिकॉनचे तिन्ही आकार दोन्ही कानांत घालून पाहा. माझ्या डाव्या कानाला मधला बसतो, उजव्याला मोठा. चुकीच्या आकारानं घरघर निम्मीही कमी होत नाही आणि माणूस दोष कंपनीला देतो.

फट राहिली की सगळं गेलं

लोक या भागाकडे सर्वांत कमी लक्ष देतात आणि सर्वांत जास्त फरक इथेच पडतो. खालच्या पट्टीतला आवाज पाण्यासारखा असतो, बारीक फटीतूनही आत शिरतो.

चष्मा असेल तर हा प्रयोग करा. हेडफोन लावून, एएनसी चालू करून पंख्याखाली किंवा एसीजवळ उभे राहा आणि चष्म्याची काडी बोटानं कुशनखालून किंचित वर उचला. ‘गूं’ असा आवाज लगेच आत येईल. काडी खाली बसली की पुन्हा दबेल. जाड, रुंद काडी ती फट कायमची उघडी ठेवते. माझ्याकडे आता प्रवासासाठी पातळ धातूच्या काड्यांचा जुना चष्मा वेगळा ठेवलेला आहे. नवा चष्मा करायचा नसेल तर मऊ, जाड कुशनचं मॉडेल निवडा. कडक, पातळ कुशन काडीभोवती बसत नाही.

कानातल्या दागिन्यांचं तसंच. माझी आई बहिणीकडे अमेरिकेला जाते. तिच्या मोत्याच्या कुड्या ती काढत नाही, आणि काढाव्यात असं मलाही वाटत नाही. पहिल्या जोडीत कुडीचं मळसूत्र कानामागे रुतायचं, अर्ध्या तासात ती हेडफोन मांडीवर ठेवायची. मग खोलगट कपाची जोडी घेतली, ज्यात कान कशालाच टेकत नाही. वरच्या पाळीत बुगडी घालणाऱ्यांनी तर कपाची उंची आणि खोली दोन्ही पाहायलाच हवी. घरी पट्टीनं कानाची उंची मोजा, बहुतेकांची सहा-सात सेंटिमीटर भरते. कुशनच्या आतली मोकळी जागा त्याहून कमी असेल तर कडा कानावर बसणार आणि दुसऱ्या तासाला दुखायला लागणार.

वजन अडीचशे ग्रॅमच्या आत असलेलं बरं. पन्नास ग्रॅमचा फरक दुकानात कळत नाही, विमानात दुसऱ्या तासाला कळतो. काही जणांना एएनसी चालू होताच कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हवेचा दाब बदललेला नसतो, पण ती जाणीव खरी असते आणि एखाद्याला मळमळतंही. तुम्ही त्यातले असाल तर कमी-जास्त करता येणारं एएनसी असलेलं मॉडेल घ्या.

किती खर्च करावा

अडीच ते पाच हजारांत एएनसीचे बरे इअरबड्स मिळतात. पाच ते दहा हजारांत ओव्हर-इअर. या दुसऱ्या गटात मी लोकांना बहुतेक वेळा सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन सुचवतो. १९२ ग्रॅम वजन, एएनसी चालू ठेवून ३५ तास बॅटरी, वायर लावायची सोय. घडी पूर्ण होत नाही आणि केस सोबत येत नाही, ती वेगळी घ्या. घडी होणारा हवा असेल तर जेबीएलचा ट्यून ७७०एनसी पाहा. २३२ ग्रॅम, एएनसीसह ४४ तास. सेनहायजरचा ॲक्सेंटम आवाजाला देखणा आणि ५० तास चालणारा, पण त्याला गोल ३.५ मिलिमीटरची वायर लागत नाही, फक्त यूएसबी-सी. ते चालणार आहे का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

जास्तीचे वीस हजार कशासाठी जातात? ऑफिसमधल्या बोलण्यावर, रस्त्यावरच्या हॉर्नवर अधिक चांगली पकड, फोनवरचा सरस माइक, उंची बांधणी. हे सगळं चांगलंच आहे, पण विमानातल्या घरघरीपुरता फरक त्या मानानं थोडा. एलडॅकसारख्या उच्च दर्जाच्या कोडेकसाठीही (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) विमानापुरते पैसे वाढवू नका, घरघरीत तो बारकावा ऐकू येत नाही. आणि थोडं जास्त द्यायची तयारी असेल तर दोन पिढ्या जुनं वरच्या दर्जाचं मॉडेल सेलमध्ये पाहा. २०२० चा सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ आजही विमानात उत्तम आहे आणि त्याची घडीही होते.

दसरा-दिवाळी, प्रजासत्ताक दिन, पंधरा ऑगस्ट, या सेलमध्ये किमती खरोखर उतरतात. पण खोडलेली एमआरपी पाहून हुरळू नका. किमतीचा आलेख दाखवणाऱ्या साइटवर मागच्या तीन महिन्यांतली सर्वांत कमी किंमत पाहा आणि ती आपली मर्यादा धरा. ऑनलाइन घेताना ‘रिटर्न’ आणि ‘रिप्लेसमेंट’ यांतला फरक वाचाच. दुसऱ्यात पैसे परत मिळत नाहीत, तीच वस्तू बदलून मिळते. हेडफोन डोक्याला बसत नसेल तर तिचा काय उपयोग? नकली मालाची शंका आली तर खोक्यावरचा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासा. तक्रार अडली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर तपासणी

दुकानातला विक्रेता लगेच गाणं लावून देतो. त्याला नम्रपणे सांगा की गाणं नको. हेडफोन लावा, एएनसी बंद ठेवून एसीच्या झोताखाली उभे राहा, मग चालू करा. खोल घरघर खाली बसली आणि फक्त हवेची बारीक सरसर उरली तर जोडी चांगली. दुकानाच्या एसीखालीच काही फरक कळला नाही तर विमानातही कळणार नाही. मग मान वर-खाली, डावी-उजवी करा, जांभई द्या. जबडा हलला की आवाज आत येत असेल तर पकड तुमच्या चेहऱ्याची नाही. निदान दहा मिनिटं डोक्यावर राहू द्या.

घरी आणल्यावर परतीची मुदत संपायच्या आत खरी परीक्षा घ्या. स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगात लावून तिच्याखाली उभं राहणं ही चांगली चाचणी आहे. त्याहून चांगली म्हणजे डिझेलची एसटी. लाल परीत मागच्या चाकाजवळची सीट घ्या आणि तासभर प्रवास करा. इंजिनाची तीच खालची घरघर, वर तासाभरात कान तापतात की डोकं दुखतं हेही कळतं. ई-शिवनेरी त्या मानानं फारच शांत, चाचणीला कामाची नाही.

कोल्हापूर-नाशिकसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर ७२ विमानांनी तुम्ही जात असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यांच्या पंख्यांना सहा-सहा पाती असतात आणि त्यांचा सूर साधारण १०० हर्ट्झचा, म्हणजे एएनसीच्या अगदी तावडीतला; पण जेटपेक्षा दणदणीत. पंख्यांच्या रेषेतल्या रांगा टाळा, मागची सीट घ्या. जेटमध्ये उलट: पंखांच्या पुढच्या रांगा शांत. चांगली सीट आणि मध्यम हेडफोन ही जोडगोळी मला महागड्या हेडफोनइतकंच समाधान देते.

प्रवासातल्या बारीकसारीक गोष्टी

वायर बॅगेत असू द्या. लांबच्या विमानांतल्या सीटमागच्या पडद्याला अजून बऱ्याच ठिकाणी तीच लागते, आणि जुन्या विमानांत दोन पिनांचा अडॅप्टरही. वायरवर एएनसी चालतं का हे घेतानाच तपासा, काही स्वस्त मॉडेल्समध्ये ते बंद पडतं.

फोन फ्लाइट मोडवर टाकून ब्लूटूथ पुन्हा चालू करता येतं. सुरक्षेच्या सूचना चालू असताना हेडफोन गळ्यात घ्या. कर्मचारी सांगतात म्हणून नाही, ऐकायला हव्यात म्हणून. मुंबईचा विमानतळ ‘सायलेंट’ आहे, म्हणजे प्रत्येक फ्लाइटची घोषणा होत नाही. गेट बदललं तर ते पडद्यावर दिसतं. तिथे एएनसी लावून डोळे मिटून बसू नका. बाहेरचा आवाज आत येऊ देणारी ‘ट्रान्स्परन्सी’ लावा आणि पडद्यावर नजर ठेवा.

विमान उतरायला लागलं की इअरबड्स काढा. घट्ट सिलिकॉनमुळे कानाच्या नळीत हवा अडकते आणि दाब बदलताना दुखतं. गोळी चघळा, आवंढा गिळा. सर्दी असेल तर हे आणखी पाळा.

व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून पाहा. एएनसी बरोबर चालत असेल तर तेवढा पुरतो. पुरत नसेल तर कुठेतरी फट आहे, कुशन किंवा सिलिकॉन नीट बसवा.

हेडफोन आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सुटकेसमध्ये नाही. पॉवर बँकेसाठी तर तो नियमच आहे.

टिकवायचे कसे

मुंबई-कोकणाची दमट हवा आणि घाम, यांनी कृत्रिम चामड्याचं कुशन दीड-दोन वर्षांत सोलून निघतं. काळ्या खपल्या कानाला चिकटायला लागल्या की तिथून फटही सुरू झालेली असते. प्रवासाहून आल्यावर कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, लगेच केसमध्ये कोंडू नका, तासभर पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलची एक पुडी टाका. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा, पूर्ण रिकामी नको.

आणि विकत घेतानाच एकदा शोधून पाहा की या मॉडेलचं कुशन वेगळं मिळतं का. मिळत असेल तर काही शे रुपयांत जोडी पुन्हा नव्यासारखी होते. मागवताना मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाका. नुसतं ‘सोनीचं कुशन’ म्हणून आलेलं माझं पहिलं कुशन दोन-तीन मिलिमीटरनं लहान निघालं, आणि खालच्या कडेनं इंजिन ऐकू यायला लागलं.